पोळी येईपर्यंतची गोष्ट

शामराव रामटेके यांनी दिल्लीच्या तार ऑफिसात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्या छत्तीस वर्षांत कुणाचा एक शब्द फुकट जाऊ दिला नाही. खिडकीशी माणूस फॉर्म घेऊन आला, की त्यांची पेन्सिल आपोआप पुढे सरकायची. "परमपूज्य बाबांच्या चरणी बालकाचा नमस्कार, आपल्या कृपेने इकडे सर्व खुशाल असून काल पहाटे मुलगा झाला" असं कुणीतरी घाम पुसत लिहून आणलेलं असायचं. शामराव चष्म्यावरून बघायचे.

"मुलगा झाला, एवढं खरं ना?"

"हो."

"त्याची आई बरी आहे?"

"हो."

"मग झालं तर. नमस्कार पत्रातून करा."

आणि नवा बाप चार शब्दांची तार देऊन हलका होऊन निघून जायचा.

असा माणूस घरी मुका असेल असं कुणालाही वाटेल. तसं काही नव्हतं. चौऱ्याण्णव साली ते निवृत्त झाले, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आले आणि तिथं त्यांनी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. रमाबाई म्हणायच्या, "ऑफिसात छत्तीस वर्षं शब्द वाचवले यांनी. कुठं साठवले होते कोण जाणे, आता सगळे माझ्यावर काढतात."

दही आणायला मदर डेअरीच्या बूथवर गेलेले शामराव परत यायचे तेव्हा दह्याला पाणी सुटलेलं असायचं. मुलगा समाधान मंत्रालयातल्या नोकरीवर निघताना बूट हातात घेऊन जिना उतरायचा आणि खाली जाऊन घालायचा, म्हणजे पावलं वाजायला नकोत. तिसऱ्या मजल्यावरचे गुलाबराव तर शामराव दिसले, की उगाचच मोबाइल कानाला लावून "बिल्कुल साहेब, बिल्कुल" म्हणत सुटायचे. एकदा त्या कानाला लावलेल्या मोबाइलची घंटा खरोखरच वाजली आणि दोघंही दचकले.

या सगळ्या लोकांना शामरावांच्या गोष्टींतली मुख्य गोष्ट पाठ होती, म्हणजे अर्धीच पाठ होती. ती शाळेच्या घंटेची गोष्ट. सत्तेचाळीस सालची. गावच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि आदल्या संध्याकाळी घंटा नाहीशी झाली. कुणी नेली?

एवढी सरळ गोष्ट. पण शामराव ती सांगायला बसले, की आधी तो रूळ गावात कसा आला ते यायचं, मग ज्या आंब्याला तो टांगला त्या आंब्याची चव यायची, मग श्रीपाद मास्तरांची छत्री यायची. मास्तर उन्हात, पावसात, सावलीत, वर्गात, सगळीकडे छत्री घेऊन असत. फळ्यावरची अक्षरं ते छत्रीच्या टोकानं दाखवत. छत्रीपाशी आले, की शामरावांना तीन पोटगोष्टी आठवायच्या आणि तोवर ऐकणाऱ्याचं दूध उतू गेलेलं असायचं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. रमाबाई नऊ वेळा छत्रीपर्यंत पोचल्या होत्या. तिच्या पलीकडे जगात कुणीच गेलेलं नव्हतं.

आता दोन हजार आठ साल उजाडलं होतं. सोसायटीच्या बाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते. नोएडात जिथं शामरावांनी बसच्या खिडकीतून मोहरीची पिवळी शेतं पाहिली होती, तिथं काचेच्या इमारती झाल्या होत्या आणि त्यांतल्या एका इमारतीत त्यांची नात रोशनी जानेवारीत नोकरीला लागली होती. तिचं काम दुसऱ्या कंपन्यांसाठी ब्लॉग लिहिण्याचं. ते काय असतं ते तिनं आजोबांना दोनदा समजावलं.

"अच्छा," शामराव म्हणाले, "म्हणजे पोस्टाच्या दाराशी लोकांची पत्रं लिहून द्यायला मुन्शी बसायचा ना, तशी तू. फक्त थंड हवेत."

"यार आजोबा!"

पण चिडायलाही तिच्याकडे फारसा वेळ नव्हता. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. मुलाखतीत तिनं 'मराठी: वाचता, लिहिता, बोलता येते' या तिन्ही चौकटींत खुणा केल्या होत्या. बोलता येत होतं हे खरं. पण दिल्लीत वाढलेली पोर. उंबरठा म्हणजे काय ते तिला रमाबाईंनी त्यावर उभं करून दाखवावं लागलं होतं. आणि कंपनीनं तिच्या गळ्यात नेमकं मराठीचंच काम घातलं. करोल बागेजवळ विजयाबाई नावाच्या नाशिकच्या बाईंनी महाराष्ट्रातून येणाऱ्या, कलेक्टर व्हायची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृह आणि खानावळ काढली होती. खोल्या निम्म्या रिकाम्या होत्या. त्यांना असा ब्लॉग हवा होता, की रोज काहीतरी छोटंसं नवं यावं, पोरांनी ते वाचावं, खाली आपलं मत लिहावं आणि गावाकडच्या मित्रांना सांगावं. रोशनीची वरिष्ठ क्षिप्रा, मूळची इंदूरची, तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "मार्च संपेपर्यंत रोज पन्नास कमेंट दिसल्या पाहिजेत. नाहीतर क्लायंट जाईल. आणि बघ, तुलाही मग ठेवता नाही येणार."

रोशनीनं जीव तोडून लिहिलं. 'यशाची सात सूत्रे'. 'वेळेचे नियोजन का महत्त्वाचे'. 'आहार आणि एकाग्रता'. तीन आठवड्यांत एकूण दोन कमेंट आल्या. एक गाद्या विकणाऱ्याची होती. दुसरी खुद्द विजयाबाईंची: "छान."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती जेवता जेवता रडायला लागली. शामराव रुळाच्या तुकड्यापर्यंत आले होते, ते थांबले. ते मधेच थांबले म्हणून समाधान घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आला.

"दाखव काय लिहिलंस ते," शामराव म्हणाले.

त्यांनी 'वेळेचे नियोजन' वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "ही तार कुणाच्या नावाची आहे?"

"तार नाही आजोबा, पोस्ट. टार्गेट ऑडियन्ससाठी आहे."

"तो कुठं राहतो?"

तिनं त्या पोरांपैकी एकालाही पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शामराव नातीला घेऊन बस बदलत करोल बागेला गेले आणि विजयाबाईंच्या खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. विजयाबाई मोठ्या प्रेमळ आणि आवाजानं त्याहून मोठ्या. हात धुवायच्या बेसिनशेजारी त्यांनी एक कॉम्प्युटर मांडला होता. पोरं यायची, हात धुवायची, बाकावर बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. भाजी आलेली, वरण आलेलं, पोळी यायची बाकी. लातूरचा, चोपड्याचा, वणीचा, सगळे एकाच नजरेनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. कॉम्प्युटरकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

शामरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. बसल्यापासून पहिली पोळी येईपर्यंत दीड मिनिट. दुसऱ्या टेबलावर पावणेदोन. तिसऱ्यावर पुन्हा दीड.

"लिहून घे," ते नातीच्या कानाशी म्हणाले. "तुझा मजकूर पोळी येईपर्यंतचा. पोळी आली, की तुझं कोण वाचतं? आणि ही पोरं सकाळपासून नियोजनच वाचून आलीत. भुकेल्या माणसाला पुन्हा तेच का वाढतेस?"

"मग काय लिहू?"

शामराव हसले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडावर असं हसू आलं, की घरच्यांनी सावध व्हायला हवं. पण रोशनी अडचणीत होती.

त्या दिवसापासून घरात नवी रीत पडली. सकाळी चहा झाला, की शामराव आरामखुर्चीत बसून पाऊण तास घंटेची गोष्ट सांगत आणि रोशनी त्यातून एकशेवीस शब्द काढून घेई. उरलेल्या शब्दांवरून रोज भांडण.

"आंब्याची चव का कापलीस?"

"आजोबा, आंबा कहानीत काहीच करत नाही."

"सावली देतो की! आणि गावाचं नाव कुठं गेलं? मोहटोला लिही."

"कुठल्याही गावात घडू शकतं ना. नाव नसलं तर सगळ्यांना आपलं वाटेल. क्षिप्रा मॅम म्हणतात."

"आणि छत्री?"

"छत्री तर बिल्कुल नाही."

शामराव दोन मिनिटं रुसून बसले. मग त्यांना वाटलं, आपणही छत्तीस वर्षं लोकांचे नमस्कार कापतच होतो. त्यांनी आंबा सोडला, गाव सोडलं, छत्री मात्र जड मनानं सोडली.

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. पूर्वी जवाबी तार असायची. पाठवणारा उत्तराचा खर्च आधीच भरून टाकायचा आणि कोरा फॉर्म तारेबरोबर समोरच्याच्या हातात पडायचा. मग उत्तर न देणं माणसाला चोरासारखं वाटायचं. आळशातला आळशी माणूसही दोन शब्द लिहायचाच. "तुझी प्रत्येक तार जवाबी पाहिजे," शामराव म्हणाले. "शेवटी एक छोटा प्रश्न. ज्याचं उत्तर कुणालाही पोळी न थांबवता देता येईल असा."

पहिल्या दिवशी त्यांनी रूळ टांगला आणि खाली विचारलं: तुमच्या शाळेची घंटा कशाची होती?

त्या रात्री सत्तावीस कमेंट आल्या. कुणाची नांगराच्या फाळाची, कुणाची पितळेची, कुणाची ट्रकच्या चाकाची. एकानं लिहिलं, आमच्या शाळेला घंटा नव्हती, गुरुजींची बायको ओरडायची. त्यावर आणखी अकरा जणांनी त्या बाईंचं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न होता, तुमच्या मास्तरांची सवय कोणती? चाळीस. आठवड्याभरात बेसिनपाशी रांग लागायला लागली. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि पोळी वाढणारी लताबाई पोळ्यांची थाळी धरून तिथंच उभी राहायची. "अगं पोळ्या!" असं विजयाबाई आतून ओरडायच्या आणि मग स्वतःच बाहेर येऊन ऐकत बसायच्या.

मार्चच्या मध्याला कमेंट सत्तरवर गेल्या. सांगली, अकोला, पुणे, कुठून कुठून लोक वाचत होते. सगळ्यांचं म्हणणं मात्र एक: घंटा कुणी नेली? खानावळीत पैजा लागल्या. हरेल त्यानं आठवडाभर जिंकणाऱ्याचं ताट घासायचं. निम्म्या पोरांचा संशय मास्तरांवर होता. क्षिप्रानं रोशनीला बोलावून सांगितलं, "मस्त चाललंय. आता शेवट एकतीस तारखेला टाकू. त्या दिवशी विजयाबाई ऑफिसला येणार आहेत, त्यांच्यासमोरच. शेवट जोरदार पाहिजे. त्यावरच तुझं पक्कं होईल."

रोशनी उड्या मारत घरी आली. "आजोबा, सांगा, कुणी नेली?"

"सांगतो," शामराव म्हणाले आणि दही आणायला गेले.

घरात दही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वही उघडली, तर ते म्हणाले, आज घसा बसलाय. तिसऱ्या दिवशी त्यांना बँकेत काम निघालं. रोशनी वहीत उरलेल्या तुकड्यांवर रोजची पोस्ट भागवत राहिली. आणि मग घरात एक भयंकर प्रकार सुरू झाला. शामराव थोडकं बोलायला लागले. चहा हवा का? "हो." भाजी कशी झाली? "बरी." समाधान बूट घालूनच जिन्यापर्यंत गेला, मुद्दाम पावलं वाजवली, तरी कुणी हाक मारेना. गुलाबरावांनी त्यांना जिन्यात पाहून सवयीनं मोबाइल कानाला लावला. शामराव नुसते "नमस्कार" म्हणून पुढे गेले, तेव्हा गुलाबरावांनीच घाबरून मागे वळून विचारलं, "रामटेके, तब्येत बरी आहे ना?"

रात्री रमाबाई नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघायच्या. ताप नव्हता.

अठ्ठावीस तारखेला सकाळी रोशनी त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. "आजोबा, तीन दिवस राहिलेत. प्लीज. कुणी नेली ती घंटा?"

शामरावांनी बराच वेळ चष्म्याची काच पुसली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. संध्याकाळी घंटा गेली. मास्तर कंदील घेऊन शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरच्या बोर्डिंगात शिकायला निघणार होतो. श्रीरंगाचे वडील बैलगाडीनं सोडणार होते. श्रीरंग माझा दोस्त. शाळेची पहिली घंटा झाली, की गाडी जुंपायची असं ठरलं होतं. पण माझ्या बापानं मला रात्र असतानाच उठवलं. म्हणाला, गाडीची वाट नको बघू, चाल. आणि आम्ही पायी निघालो."

"का?"

शामराव हसले, पण नेहमीसारखे नाही. "अगं, तेव्हा आम्ही दोन-चार पोरं वर्गात नाही, बाहेर ओट्यावर बसायचो. तशी रीतच होती. आतल्यांना फळा दिसायचा, मला घंटा दिसायची. घंटेच्या सगळ्यांत जवळ कोण बसतो, असं कंदिलाच्या उजेडात कुणीतरी विचारलं आणि बापानं ते ऐकलं. पुढे बाप नागपुरातच गिरणीत लागला. गावाला परत गेलोच नाही. घंटा सापडली का, कुणाचं नाव लागलं, काही ठाऊक नाही. लोकांनी मला कधी छत्रीच्या पुढे जाऊ दिलं नाही, म्हणून निभावलं."

दारात उभ्या असलेल्या रमाबाई हळूच खाली बसल्या. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या पहिल्यांदाच छत्रीच्या पलीकडे आल्या होत्या.

रोशनी म्हणाली, "आजोबा, आपण शेवट बनवू या ना. मास्तरांनीच नेली असं लिहू. कोणाला कळणार?"

"नाही."

"माझी नोकरी जाईल."

"तारेत आपल्या पदरचा शब्द घालायचा नसतो, बाळ. कमी करता येतो, घालता नाही येत. छत्तीस वर्षांत एकदाही नाही घातला." मग त्यांनी तिच्या हातातली वही घेतली आणि स्वतः लिहिलं. एका दमात. लिहून झाल्यावर तिच्याकडे दिलं:

'घंटा कुणी नेली मला ठाऊक नाही. पहाटेच गाव सोडलं. माहीत असल्यास कळवा. शामराव रामटेके. गाव मोहटोला, जिल्हा भंडारा.'

"गावाचं नाव?" रोशनीनं विचारलं. "आपण तर काढलं होतं."

"पत्त्याशिवाय तार जात नाही," शामराव म्हणाले.

एकतीस तारखेआधी उत्तर यावं म्हणून तिनं त्याच दिवशी डोळे मिटून बटण दाबलं.

त्या रात्री दीडशेच्या वर कमेंट आल्या आणि त्यांतल्या बहुतेक छापण्यासारख्या नव्हत्या. 'फसवणूक!' 'आजोबा, असं करतात का?' 'माझी पैज कोण फेडणार?' एकानं नुसतंच रडणारं तोंड काढलं. क्षिप्राचा फोन आला. ती ओरडली नाही, फक्त "सोमवारी बोलू" म्हणाली, आणि ते रोशनीला ओरडण्याहून वाईट वाटलं. शनिवार कसाबसा गेला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. बाहेर एक उंच, दाढी वाढलेला मुलगा उभा होता.

"मी धीरज. विजयाबाईंच्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावर राहतो. पत्ता त्यांनी दिला. सगळ्या पोस्ट वाचल्यात मी, रोज." तो जरा थांबला. "मला काय माहीत, ही आमच्याच शाळेची घंटा आहे म्हणून! मी मोहटोल्याचा. गावाचं नाव आधी टाकायचं ना!"

शामरावांनी नातीकडे फक्त एकदा बघितलं. रोशनीनं जीभ चावली.

"माझे आजोबा तुम्हाला ओळखतात," धीरज म्हणाला. "त्यांचं नाव श्रीरंग." आणि त्यानं खिशातून मोबाइल काढून नंबर लावला, आवाज मोठा केला आणि तो टीपॉयवर ठेवला.

"कोन?" फोनमधून आवाज आला. "शाम्या? अबे कुठं मेला होता साठ वर्षं?"

शामराव फोनवर वाकले. कसंबसं म्हणाले, "श्रीरंग, घंटा कुणी नेली?"

"सांगतो ना. पन आंधी बैलाचं आयक. आमच्या बापाकडे तवा दोन बैल. एक ढवळा, तो भल्ला गरीब, आन् दुसरा..."

"अरे, बैल राहू दे. घंटेचं बोल."

"तेच सांगून रायलो ना बे! दुसरा बैल होता तो पवनीच्या बाजारातून आनलेला. त्या बाजारात का झालं..."

"मुद्द्यावर ये की, श्रीरंग!" शामराव खुर्चीतून उठून ओरडले.

समाधान तोंडावर हात दाबून गॅलरीत पळाला. रमाबाईंनी मात्र खुर्ची सरकवून नवऱ्याला पुन्हा नीट बसवलं. "ऐका आता," त्या म्हणाल्या. "गडबड करू नका. मला तर बैलाचंही ऐकायचंय."

पवनीचा बाजार झाला, बैलाची शिंगं झाली, श्रीरंगाच्या आईचा दमा झाला. वीस मिनिटांनी गोष्ट गाडीपाशी आली.

"तं बाप रात्री जेवता जेवता म्हने, सकाळी पयली घंटा झाली का गाडी जुंपतो, रामटेक्याच्या पोराले सोडून येतो. मी म्हटलं, आन् घंटाच नाई झाली तं? जेवन तसंच टाकलं, आंब्यावर चढलो, सोडली आन् दिली बोडीत फेकून."

बोडी म्हणजे गावाजवळचं लहान तळं. ते रोशनीला आजीनं कानात सांगितलं.

घंटा तुझ्यासाठी चोरली, तू जाऊ नयेस म्हणून, हे त्या म्हाताऱ्यानं सांगितलं नाही. त्यानं आपलं, दोरी किती घट्ट होती ते सांगायला घेतलं.

"मग?" शामरावांनी विचारलं. "लोक काय म्हणाले? माझं नाव..."

"सकाळी एक दोघं म्हनत होते, पाहा कसा रातीच पराला तो पोट्टा. तवा मी वर्गात उभा झालो. म्हटलं मी नेली. मास्तरनं मले छत्रीनं हानलं. असं हानलं शाम्या, का छत्रीच्या काड्या आंब्याखाली वेचल्या पोट्ट्यायनं. तेवढ्यात दिपोटी दारात! मास्तरच्या हातात नुसती मूठ. दिपोटीनं शेऱ्याच्या वहीत का लिवलं माहीत हाय का? 'शाळेत घंटा नाही. छत्री मोडकी. शिस्त उत्तम.'"

शामरावांनी हळूच मान वळवून नातीकडे पाहिलं. "छत्री कहानीत काहीच करत नाही, नाही का?"

"सॉरी आजोबा," रोशनी म्हणाली. ती हसत होती आणि नाक ओढत होती.

"आन् घंटा?" बोलता बोलता श्रीरंग कुठंतरी चालत होता, चपला फटफटत असलेल्या ऐकू येत होत्या. "बोडी आटली एका उन्हाळ्यात, तवा गाळात गावली. शाळेत आता करंटाची बेल हाय. पन ही अजून टांगून हाय आंब्याले. थांब, आलोच मी शाळेपाशी. फोन धरून राय."

दोन क्षण काहीच नाही. मग टीपॉयवरच्या त्या छोट्याशा यंत्रातून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला, लांबलचक, थरथरत जाणारा. एकदा, दोनदा, तीनदा.

"झाली पयली घंटा," श्रीरंग म्हणाला. "आता जाय कुठं जायचं तं."

शामरावांनी चष्मा काढला आणि यावेळी तो पुसलाही नाही, नुसता हातात धरून ठेवला.

सोमवारची पोस्ट दोघांनी मिळून लिहिली. त्यात सगळ्यांत आधी छत्री होती आणि तिच्यासाठी एकही शब्द कापला गेला नाही. खाली जवाबी प्रश्न रोशनीनं स्वतः घातला. तिचा पहिलाच: तुम्ही घरून निघालात, तेव्हा तुम्हाला थांबवायला कुणी काय लपवलं होतं?

बॅगेची किल्ली, आईनं. एक चप्पल, धाकट्या बहिणीनं. बसचं तिकीट, वडिलांनी. पण नंतर त्यांनीच शोधून दिल्यासारखं केलं. काही लपवलं नाही, नुसतं म्हशीचं निमित्त काढलं, आजीनं. तीनशेच्या वर उत्तरं आली आणि ती येत असताना विजयाबाई क्षिप्राच्या समोर बसून पदरानं डोळे टिपत होत्या. "काल ही बातमी धीरजनं खानावळीत आधीच सांगून टाकली," त्या म्हणाल्या. "पोळ्या गार झाल्या, पण पहिल्यांदाच एकही पोरगा ओरडला नाही. वर्षभराचं काम या पोरीलाच द्या." पैजेचं मात्र कुणालाच काही मिळालं नाही, श्रीरंगाचं नाव घेणारा एकही निघाला नव्हता. मग सगळ्यांनी आपापली ताटं घासली.

पक्क्या नेमणुकीचं पत्र गुरुवारी आलं. दोन पानं होती. रोशनीनं ते आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं खिशातली पेन्सिल काढली, पहिल्या परिच्छेदावर काट मारली, दुसऱ्यावर मारली, अटींवर मारली, शुभेच्छांवर मारली आणि शेवटी पत्र तिच्यापुढे धरलं. दोन पानांत एकच शब्द उरला होता: कायम.

"एवढं पुरलं असतं," शामराव म्हणाले.

मग त्यांनी चपला घातल्या, बरणी घेतली आणि ती एका शब्दाची बातमी सांगायला खाली मदर डेअरीच्या बूथवर गेले. तासाभरानं समाधाननं गॅलरीतून वाकून पाहिलं, तर बूथवाला, गुलाबराव आणि दोन अनोळखी माणसं त्यांच्याभोवती उभी होती आणि गोष्ट नुकतीच पवनीच्या बाजारात पोचली होती.